इंजिनाची वाटणी

आमच्या घरची वाटणी झाली तेव्हा मजले दोन होते आणि भाऊ दोन, त्यामुळे घराचं सोपं गेलं. वरचा मजला दादाला, खालचा धाकट्याला. कपाटं, भांडी, बाबांची पुस्तकं, सगळं मुकाट्याने दोन ढिगांत गेलं. घोडं अडलं ते गाडीपाशी. बाबांची ती जुनी, लांबलचक, पिस्ता रंगाची गाडी करवतीने कापता येत नव्हती, आणि विकायचं नाव काढलं की दोघंही एका सुरात "नाही" म्हणायचे. तेवढ्यापुरतं एकमत. मग कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं देव जाणे, पण ह्या दोन शहाण्यांनी इंजिन वाटून घेतलं. त्या इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगा आहेत, चार डावीकडे, चार उजवीकडे. डावी रांग दादाची, उजवी धाकट्याची. आपापल्या बाजूची देखभाल ज्याची त्याने करायची. दुसऱ्याच्या बाजूच्या नटाला बोट लावायचं नाही.

हसू नका. मी त्यांची मधली बहीण आहे. मला हे सगळं गंभीर चेहऱ्याने ऐकून घ्यावं लागलंय.

भांडण कशावरून सुरू झालं ते आता दोघांनाही धड सांगता येत नाही, पण बोलणं बंद आहे ते आहेच. बोलतात ते माझ्यामार्फत. "चिमे, सांग त्या खालच्याला, बॅटरीची वायर सैल आहे." "ताई, वरच्या साहेबांना विचार, बॅटरी कोणाच्या बाजूला येते?" दोघं गॅरेजात एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे, मध्ये मी. कुठल्या जन्मीचं पाप फेडतेय, असं दर खेपेला मनात यायचं.

आई ह्या दोघांना कंटाळून माझ्याकडे राहायला आली, शहराच्या दुसऱ्या टोकाला. आणि एक दिवस चहा पिता पिता तिने जाहीर केलं की आता ती तिच्या बहिणीकडे, आमच्या मावशीकडे, कायमची जाणार. मावशी दुसऱ्या गावी एकटीच असते. "येत्या रविवारी जाईन," आई म्हणाली, "पण आपल्या गाडीतून. ह्या दोघांनी पुढे बसायचं आणि एकमेकांशी बोलायचं. काय वाट्टेल ते बोला, पण सरळ बोला. मला एकदा ऐकू दे, मग मी मोकळी." आईने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. मी तोंड भरून हो म्हणून बसले.

आणि गाडी टकटक करायला लागली.

गाडी सुरू केली की बॉनेटखालून टक, टक, टक. सिलिंडरमधून निघणारा जळका धूर गोळा करून मागे नेणारा बिडाचा एक जाडजूड पाइप असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. आमच्या इंजिनाला असे दोन, दोन्ही बाजूंना एकेक. तो इंजिनाला जिथे चिकटतो तिथली गॅस्केट, म्हणजे मधली पातळ पट्टी, जळली की फटीतून धूर निसटतो आणि असा आवाज येतो. आवाजाचं काही नाही हो. पण तो धूर पुढच्या भोकाभोकांतून आत बसलेल्या माणसांपर्यंत पोचतो, आणि त्याने माणूस बसल्या जागी झोपी जाऊन पुन्हा उठत नाही. म्हणजे दुरुस्ती झाल्याशिवाय आईला आत बसवणं शक्य नव्हतं.

दोघं बॉनेट उघडून उभे राहिले. दादा म्हणाला उजवीकडून गळतंय. धाकटा म्हणाला डावीकडून. मी कपाळावर हात मारला.

माझा व्यवसाय कान तपासण्याचा. बंद खोलीत माणसाला बसवायचं, हेडफोन लावायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. त्यातून प्रत्येक कानाचा आलेख निघतो. त्यामुळे गळती शोधायचं काम माझ्याकडे आलं. बागेच्या नळीचा तुकडा घ्यायचा, एक टोक कानाला, दुसरं मॅनिफोल्डच्या सांध्यावरून फिरवायचं. जिथे गळतं तिथे आवाज कानात खिळा ठोकल्यासारखा येतो. मी दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल दिला. "अभिनंदन. दोघांच्याही गळताहेत."

दादाने आधी बाजी मारली. डावा मॅनिफोल्ड काढून लेथवाल्याकडून त्याचा पृष्ठभाग सपाट करून आणला, नवी गॅस्केट घातली, मधल्या नटापासून सुरू करून बाहेरच्या नटांपर्यंत सारखे आवळत गेला. गाडी सुरू केली. डावीकडून चकार शब्द नाही. "सांग त्याला," दादा मिशीत हसत म्हणाला, "काम असं करतात."

संध्याकाळी मी घरी गेले. आई पेपर वाचत होती. मी तिच्या डाव्या बाजूने जाऊन विचारलं, "चहा टाकू का?" तिने मान वर केली नाही. पुन्हा विचारलं. मग तिच्या समोर गेले तशी ती दचकली. "कधी आलीस? ह्या कानाने दुपारपासून काहीच ऐकू येत नाहीये बघ."

दुसऱ्या दिवशी तिला माझ्या दवाखान्यात नेलं. डाव्या कानाचा आलेख पार तळाला गेलेला. वर्षापूर्वीचा तिचा आलेख माझ्याकडे होता. तिच्या वयाला शोभेल असा, पण ठीकठाक. कानात मळ नाही, सूज नाही, पडदा शाबूत. शेजारीच बसणाऱ्या कानाच्या डॉक्टरबाईंनी तपासलं. वय झालं की होतं असं, म्हणाल्या. "एका दुपारीत?" मी विचारलं. त्यांनी नुसते खांदे उडवले.

वय झालं. बरं.

धाकट्याच्या बाजूचे दोन नट गंजून बसले होते. त्याने मला बोलावून घेतलं, "ताई, नेमकं कुठून गळतंय ते खुणा करून दे, मी गंजावर मारायचं तेल घेऊन येतो," आणि तो गेला. मी गॅरेजात एकटीच. इंजिन बंद, गार. वाट बघायचा कंटाळा आला म्हणून उगाच नळी कानाला लावली आणि दुसरं टोक उजव्या सांध्यावर धरलं.

नळीतून भांडी विसळल्याचा आवाज आला.

मी नळी बाजूला केली. गॅरेज शांत. पुन्हा लावली. नळ बंद झाला. पावलं. मग आईचा आवाज, अगदी जवळून, आपला आपल्याला येतो तसा. "अगं कुठली घरी असायला! गेलीये तिकडे, दोन वेड्यांच्या मधे उभी राहायला." आणि हसली.

मी नळी टाकून दिली. मग मीच मला झापलं. वर दादाकडे टीव्ही चालू असेल, कोणाचा तरी फोन असेल, आवाज कुठूनही कुठेही जातात, हे मी लोकांना शिकवते. धाकटा तेल घेऊन आला तेव्हा मी खडूने खुणा करत होते. त्याने विचारलं, "एवढी घामाघूम का झालीस?" मी म्हटलं, "तुमच्यामुळे."

रात्रीपर्यंत दम निघाला नाही, घरी जाताच आईला विचारलं, "दुपारी कोणाशी बोलत होतीस?"

"मावशीचा फोन होता. भांडी घासत होते नि आला. का गं?"

"काय म्हणालीस तिला?"

आईने मला तेच वाक्य, त्याच हसण्यासकट ऐकवलं.

मी शिकलेली बाई आहे. मनात आलं ते मान्य करायला लाज वाटत होती, पण खात्री करून घ्यायला लाजायचं काय? दोघं भाऊ कामावर गेल्यावर मी गॅरेजात शिरले आणि दादाच्या बाजूचा एकेक नट अर्धा अर्धा फेरा सैल केला. इंजिन सुरू केलं. डावीकडून टकटक सुरू झाली. बंद केलं, घरी फोन लावला.

"आई, फोन डाव्या कानाला धर."

"धरला. ओरडतेस काय, ऐकू येतंय!" मग ती थांबली. "अगं खरंच की. ह्या कानाने ऐकू येतंय."

पुन्हा दवाखान्यात नेलं. आलेख वर्षापूर्वीच्या आलेखाशी तंतोतंत. डॉक्टरबाई म्हणाल्या, चला, बरं झालं. आई खूश. मी काय सांगणार होते आणि कोणाला?

पण दादाला टकटक ऐकू आलीच. नटांवर पान्याच्या ताज्या खुणाही दिसल्या. आणि मग जे सुरू झालं ते विचारू नका. "सांग त्या खालच्याला, हिंमत असेल तर समोरून ये. चोरासारखे नट कसले सैल करतोस?" धाकटा तिथेच उभा होता. त्याने रागाने पाना असा फेकला की गॅरेजची काच गेली. "सांग त्यांना, माझं अजून एवढं वाईट दिवस आलेलं नाही!" रागात त्याला धड बोलताही येत नव्हतं. दादाने नट पुन्हा आवळले, डोळ्यांत अंगार, आणि वर निघून गेला. जाताना मला बजावलं, "गाडी कुठेही जाणार नाही. सांग आईला."

मला सांगावं लागलंच नाही. डावा कान पुन्हा गेला होता, पण घरी आल्यावर मी धाकट्याची फोनवर समजूत घालत होते, ते तिने उजव्याने ऐकलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली. "मला बसचं तिकीट काढून दे," म्हणाली. "चुकलंच माझं, मागितलं ते."

ते मला सहन झालं नाही. रविवारी सकाळी दोघांनाही गॅरेजात बोलावलं, आईचे तिन्ही आलेख बॉनेटवर पसरले आणि सगळं सांगून टाकलं. नट मी सैल केले. कोणी चोर नाही. डावी बाजू बंद झाली की आईचा डावा कान जातो, उघडली की येतो. उजवी बंद करू नका. हात जोडते.

मग दादाने मान वळवली आणि सरळ धाकट्याकडे बघितलं.

"हिला काय झालंय रे?"

"बघ ना," धाकटा म्हणाला. "झोप नसेल झाली."

आणि दोघं हसायला लागले. एकमेकांकडे बघून, खो खो. इतकी वर्षं मी ह्या दोघांचे निरोप वाहिले आणि शेवटी हे एकत्र आले ते मला वेड्यात काढायला! मला रडू फुटलं. आनंद किती आणि वैताग किती, ते माझं मलाच कळेना.

"हसा," मी म्हटलं, "पण हे आईसमोर हसा. आधी तिला ऐकू दे, मग काय आवळायचं ते आवळा."

"ताई, धूर आत येतोय," धाकटा समजुतीच्या सुरात म्हणाला. "आईला गुदमरवायचंय का?"

धूर खरा होता.

"मग तिला इथे घेऊन येते. टॅक्सीने. तोपर्यंत थांबा."

"तिला कशाला दगदग? अर्ध्या तासात आपणच जाऊ तिकडे," दादा म्हणाला. त्याने बाह्या वर केल्या होत्या, आणि ठरलेला नियम मोडून तो उजव्या बाजूला वाकला होता. गंजलेले नट दोघांनी मिळून सोडवले. मॅनिफोल्ड एकाने धरला, गॅस्केट दुसऱ्याने बसवली. बडबड चालूच. बाबांनी ह्याच गाडीत गियर बदलताना दिलेल्या शिव्या दादाने जशाच्या तशा करून दाखवल्या आणि धाकटा पोट धरून हसला, तो लहानपणी हसायचा तसा, हुंदके देत. "दादा, तू बस. दमलास. मी आवळतो." "गप रे, शेवटचा नट माझा."

हे आईला ऐकवायलाच हवं होतं. मी घाईघाईने घरी फोन लावला. घंटा वाजली, आईने उचलला. "हॅलो?" मी काही न बोलता फोन त्यांच्या दिशेने धरला. धाकटा अजून हसत होता. दादाने पान्यावर जोर दिला. नट कुरकुरला आणि बसला.

मी फोन परत कानाला लावला.

"हॅलो? कोण आहे? काहीच ऐकू येत नाही. बोला की."

"आई, मी आहे. आई!"

"हॅलो?" मग तिने फोन ठेवला.

"गॅरेजात रेंज नसते," दादा हात पुसत म्हणाला.

गाडी इतकी शांत चालत होती की सिग्नलला बंद पडली असं वाटायचं. आई फाटकापाशी पिशवी घेऊन उभी होती, इस्त्रीची साडी, केस नीट विंचरलेले. मी उतरून तिच्या मागून गेले आणि हाक मारली. ती गाडीकडे बघत राहिली. मी खांद्याला हात लावला तेव्हा वळली, आणि तिचा चेहरा असा उजळलेला होता की मला काही विचारवलं नाही. मी तिला मागे बसवलं, शेजारी बसले.

गाडी निघाली. पुढे दोघं बोलत होते. रस्ता कुठला घ्यायचा, मावशीला ओळख पटेल का, बाबा हॉर्न कसा दाबून धरायचे. पुन्हा हसणं.

आई त्यांच्या दोन पाठमोऱ्या डोक्यांकडे बघत होती.

मग तिने माझ्या कानाशी तोंड आणलं. "अबोला धरूनच पोचवणार आहेत का गं मला?"

"दादा, थांब," मी किंचाळले. "गाडी थांबव!"

दादाने गाडी कडेला घेतली, दोघं मागे वळले. "आई, अगं आम्ही बोलतोय," धाकटा म्हणाला. "आई?"

आईने एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

"नुसती तोंडं काय हलवताय?"

दादाचा चेहरा उतरला. तो खाली उतरला, धाकटा दुसऱ्या बाजूने. बॉनेट उघडलं. लोखंड तापलेलं होतं, बोटं भाजत होती, तरी दोघांनी आपापल्या बाजूचे नट सैल केले. धाकट्याने किल्ली फिरवली.

टकटक सुरू झाली. दोन्हीकडून, अशी की समोरच्या दुकानातले लोक बाहेर येऊन बघायला लागले.

मी आईच्या उजव्या कानापाशी ओरडले. डाव्यापाशी ओरडले. तिने पापणीही हलवली नाही.

"अजून सैल कर," दादा म्हणाला.

"झालेत सैल! तुझ्या बाजूचे बघ."

"शेवटचा नट तू मला आवळू कशाला दिलास? तुझी बाजू होती ना?"

"माझी बाजू? सुरुवात कोणी केली बंद करायला? तुला घाई! कायम तुलाच घाई!"

"तोंड सांभाळून बोल."

"काय करशील?"

दादाने त्याची कॉलर धरली. मी दार उघडायला हात घातला, तर आईने माझं मनगट पकडलं. ती पुढच्या काचेतून त्या दोघांकडे बघत होती. बॉनेट अर्धवट खाली आलं होतं आणि दोघांचे चेहरे स्वच्छ दिसत होते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "धाकटा म्हणतोय, दादा, तू बस, दमलास. मी आवळतो."

हे तर सकाळी गॅरेजात बोललेले शब्द, जसेच्या तसे.

"आणि दादा काय म्हणतोय बघ. गप रे, शेवटचा नट माझा." ती मान हलवत होती, एकेक शब्द चवीने ऐकत. "तुझ्या बाबांच्या शिव्या पण पाठ आहेत गं त्याला अजून."

"आई," मी म्हटलं. तिला ते ऐकू गेलं नाही.

"किती छान हसतोय गं धाकटा."

बाहेर धाकट्याने पाना उगारला होता.